गेटच्या आतली माणसं

आमच्या विधी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा हा ऐच्छिक पेपर आहे. मुलं तो का घेतात हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही: त्याचं गाईड सगळ्यात पातळ आहे. १९४९चे चार जिनिव्हा करार, १९७७चे दोन पुरवणी प्रोटोकॉल, सोल्फेरिनोची लढाई, रेड क्रॉसची स्थापना, एवढं नीट पाठ केलं की पेपर निघतो. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे आणि या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. भर युद्धात कोणाला मारता येत नाही, हे ठरवणारा कायदा टिपा लिहून कसा काय सुटतो?

म्हणून मी वर्गात कार्डं भरून घेते. प्रत्येक गटाला एक नकाशा, एक लक्ष्य आणि एक कोरं कार्ड. कार्डावर रकाने ठरलेले: लक्ष्य काय, ते लष्करी लक्ष्य कशावरून, ते नष्ट केल्यानं आजच्या घडीला नेमका काय फायदा, आजूबाजूला कोण राहतं, किती नागरिक मरतील किंवा जखमी होतील असा अंदाज, ते कमी व्हावेत म्हणून काय केलं, निर्णय, सही. हे रकाने मी मनानं काढलेले नाहीत. पहिल्या पुरवणी प्रोटोकॉलची कलमं ५१, ५२ आणि ५७ समोर ठेवली की ते आपोआप पडतात. सहीचा रकाना मात्र माझा. सही करायची म्हटली की मुलांचा हात जड होतो, आणि तो व्हायलाच हवा.

कार्डावर दोन शब्द लिहायला बंदी आहे: ‘लष्करी आवश्यकता’. मुलांना हे चमत्कारिक वाटतं, कारण गाईडात तर त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण दरवर्षी मी बघते, हे दोन शब्द लिहिले की मुलांचा विचार तिथंच थांबतो. ‘लष्करी आवश्यकतेनुसार हल्ला करण्यात आला’ असं वाक्य येतं आणि पुढचे सगळे रकाने कोरे राहतात. १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकनच्या सरकारनं लीबर या कायदेपंडितांची युद्धनियमांची संहिता सैन्याला लागू केली, तिच्या चौदाव्या कलमातच आवश्यकतेला दोन अटी आहेत. ती कृती युद्धाचा हेतू साधायला अनिवार्य हवी, आणि युद्धाच्या कायद्यात बसणारीही हवी. म्हणजे आवश्यकता कायद्याच्या आतच राहते. नियम लिहिणाऱ्यांनी सैन्याच्या गरजा आधीच हिशेबात धरल्या आहेत. म्हणून तर लढणाऱ्या सैनिकाला मारण्याची, पूल पाडण्याची मुभा मिळाली आहे. तीच गरज दुसऱ्यांदा पुढे करून नियमातून सूट मागता येत नाही. १९४८ साली न्यूरेंबर्गच्या ‘ओलीस खटल्या’त जर्मन सेनापतींनी नेमकी तशीच सूट मागितली, आणि न्यायालयानं सांगितलं की सूड म्हणून किंवा मारण्याच्या हौसेपायी निरपराध रहिवाशांना मारणं आवश्यकतेत बसत नाही.

शिरपूरकडची मुलं वर्गात असली की मी थाळनेरचं सांगते. मंदसोरच्या तहानं होळकरांनी खानदेशातले किल्ले इंग्रजांना सोडले. फेब्रुवारी १८१८मध्ये सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन तापीकाठच्या थाळनेरला आला. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. त्यानंतर आतल्या दरवाजापाशी झटापट झाली, त्यात इंग्रज अधिकारी पडले. मग आतली सगळी शिबंदी, सुमारे तीनशे माणसं, कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. आधी हुकूम मोडला होता, हे कारण. १८१९ साली ब्रिटिश पार्लमेंटनं या मोहिमेच्या सैन्याचे आभार मानले, तेव्हा हिस्लॉपचे आभार मानताना थाळनेरची फाशी मुद्दाम बाजूला ठेवली. त्या कृत्यावर सभागृहाला शिक्का उठवायचा नव्हता. म्हणजे जिनिव्हा, हेग काहीच नव्हतं त्या काळातही त्यांना यात काहीतरी सलत होतं. मुलांना हे लगेच पोचतं, कारण तो बुरूज त्यांनी पाहिलेला असतो.

पूर्वी कार्डांसाठी मी परदेशातले नकाशे घ्यायचे. मे २०२५मध्ये देशभर नागरी संरक्षणाची तालीम जाहीर झाली, महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत भुसावळचं नाव आलं, आणि मी ठरवलं की आता आपलाच नकाशा घ्यायचा. त्या दिवसांत मोबाइलवर जो तो सेनापती झाला होता. अमुक धरण उडवा, तमुक शहर अंधारात बुडवा, असं शहाणीसुरती माणसं लिहीत होती. वकिलीची सनद घेऊ घातलेली मुलंही लिहीत होती. टीव्हीवरच्या निवेदकांबद्दल काय बोलावं! ज्यांना सीमेवरचं गाव कधी लागलेलं नाही, त्यांनी त्या गावांच्या जिवावर आरडाओरडा केला.

आमच्या टापूत काय नाही? भुसावळचं जंक्शन आणि अवाढव्य यार्ड. खंडव्याच्या लाइनीवरचा तापीवरचा रेल्वे पूल. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. ४१ दरवाजांचं हतनूर धरण. भुसावळची आणि वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी. मोटारसायकलवर एका सकाळी सगळं बघून होईल. मुलांनी शत्रूच्या मुख्यालयातले अधिकारी व्हायचं, आणि भुसावळकडे शत्रूच्या डोळ्यांनी बघायचं, असा सराव मी ठरवला. आकडे सगळे कल्पित, जागा खऱ्या.

प्राचार्यांनी परवानगी दिली, फोटो काढायला माणूस पाठवू म्हणाले. घटना शिकवणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी दारातून डोकावून म्हणाले, ‘‘युद्धात कायदा गप्प असतो हो मॅडम.’’ हे वाक्य मी दर वर्षी कोणाकडून तरी ऐकते. ज्यांनी कुठल्याही सैन्याचा एखादाही नियम उघडून पाहिलेला नाही, तेच हे बोलतात असा माझा अनुभव आहे. भारतानं १९५०मध्ये जिनिव्हा करारांना मान्यता दिली, १९६०मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पुरवणी प्रोटोकॉलवर आपली मान्यता नाही, पण त्यातले गाभ्याचे नियम रूढी म्हणून सगळ्यांनाच बांधतात. आणि १९८८ साली भारत-पाकिस्ताननं एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला, त्याच्या याद्या दर १ जानेवारीला दिल्या-घेतल्या जातात, संबंध कितीही बिघडलेले असोत. कायदा गप्प असता तर हा कागद कोणी पाठवला असता?

पाहुणे म्हणून तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार बोलावले होते, चाळीसगावकडचे. देवळालीला शिकलेले, नंतर तिथंच शिकवलेले. त्यांनी सुरुवातीलाच फळ्यावर एक आयत काढला. म्हणाले, तोफ एकाच नेमावर ठेवून दहा गोळे सोडा, ते एका जागी पडत नाहीत. या आयतात पसरतात, लांबीत जास्त, रुंदीत कमी. वारा, हवेचं तापमान, दारूचं तापमान, नळीची झीज, सगळ्यामुळे. १५५ मिलिमीटरचा गोळा त्रेचाळीस किलोच्या आसपास असतो. म्हणून लक्ष्य कायदेशीर आहे एवढं पुरत नाही. त्या आयतात आणखी काय काय येतं ते आधी बघायचं. आमच्याकडे नकाशावर ‘नो फायर एरिया’ आखलेले असतात, त्यात परवानगीशिवाय गोळा टाकायचा नाही. मुलं एकदम सरळ बसली. हल्ल्याआधी घ्यायच्या काळजीचं कलम ५७ मी तासभर शिकवून जे पोचत नाही, ते त्या आयतानं पोचलं.

चिठ्ठ्या टाकल्या. यार्ड आणि वीज केंद्राच्या गटांनी बऱ्यापैकी काम केलं. वीज केंद्रवाल्यांना मी हिर्गिगोचं उदाहरण दिलं होतं: मे २००० मध्ये इथिओपियानं एरिट्रियाचं बांधून होत आलेलं वीज केंद्र बॉम्बनं पाडलं, आणि दोन्ही देशांच्या दावे आयोगानं २००५ साली बहुमतानं ते वैध लक्ष्य ठरवलं, अध्यक्षांचं मत मात्र वेगळं पडलं. गटानं त्या वेगळ्या मताची बाजू घेतली, कारण त्यांनी दवाखाने आणि पाण्याचे पंप मोजले. धरणाचा गट दहा मिनिटांत मोकळा झाला. फुटल्यावर नागरिकांचे भयंकर बळी जातील अशा धरणावर हल्ला नको, हे सांगणारं कलम ५६, खाली तापीकाठची गावं, केळीचे बाग, भुसावळचं पिण्याचं पाणी. सही ‘हल्ला नाही’वर. मोबाइलवर सर्वात जास्त धरणं उडवणारा मुलगा याच गटात होता आणि सगळ्यात आधी सही त्यानंच केली.

पुलाच्या गटात वाद झाला. पूल वैध, यात कोणालाच शंका नव्हती. पण त्यावर प्रवासी गाडी आली तर? १२ एप्रिल १९९९ रोजी सर्बियात ग्रदेलित्साला नाटोच्या विमानानं रेल्वे पुलावर क्षेपणास्त्र सोडलं आणि ते पोचेपर्यंत प्रवासी गाडी पुलावर आली. पहिलं क्षेपणास्त्र लागल्यावर वैमानिकानं पुलाच्या दुसऱ्या टोकावर नेम धरून दुसरं सोडलं, तेही गाडीलाच लागलं. युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणात यावर नेमलेल्या समितीला पहिल्याबद्दल दोष दिसला नाही; दुसऱ्याबद्दल समितीतच एकमत झालं नाही आणि पुढे चौकशी नको अशी शिफारस झाली. आमच्या मुलांनी ते मान्य केलं नाही. एका मुलीनं विचारलं, ‘‘पूल उद्या पाडला असता तर काय झालं असतं?’’ कलम ५२मध्ये ‘त्या वेळच्या परिस्थितीत’ हे शब्द आहेत, त्यांच्यासाठी मला याहून चांगला प्रश्न सुचला नसता.

आणि मग फॅक्टरी.

वरणगावच्या फॅक्टरीची चिठ्ठी ज्या गटाला आली, त्यात फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली एक मुलगी होती. वडील आत कामाला. मी चिठ्ठी बदलून देऊ का म्हणून विचारलं. ‘‘नको मॅडम, मला आतलं माहीत आहे,’’ म्हणाली.

तिनं सुरुवात छान केली. वरणगावला बंदुकीची काडतुसं होतात, तेव्हा हे लष्करी लक्ष्य आहे का, हा प्रश्नच नाही असं तिनं सरळ लिहिलं. मग सगळ्या वर्गाला एक गोष्ट सांगितली, जी माझ्या टिपणांत असते पण मी कधी अशी सांगितली नव्हती. सैन्याच्या गोळीत आत शिशाचा गाभा असतो आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, त्याला तिथं जॅकेट म्हणतात. टोकाकडून जॅकेट पूर्ण बंद हवं. टोक उघडं राहिलं तर गोळी शरीरात शिरून फुलते, जखम भयंकर होते. तशी गोळी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी केली आणि १८९९च्या हेग जाहीरनाम्यानं ती युद्धात वापरायला मनाई झाली. म्हणजे गोळीवरचं ते बंद जॅकेट या कायद्याला धरून आहे. तिचे वडील तिला लहानपणापासून जॅकेटबद्दल सांगत आले होते. हेगचं तिला वर्गात कळलं. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला. कायदा कुठं कुठं जाऊन बसलेला असतो, हे शोधून काढणारं पोर हजारात एखादं.

गटातल्या मुलांनी पुढचा रकाना भरला: आजूबाजूला कोण. क्वार्टर्स, शाळा, बाजार, हायवे. नागरिकांचा अंदाज: क्वार्टर्समध्ये इतके, रस्त्यावर इतके. गेटच्या आत: शून्य. काळजी काय घेतली: हल्ला रात्री, क्वार्टर्सच्या उलट बाजूनं, साठ्याच्या इमारतीवर.

तिनं शून्यावर बोट ठेवलं. ‘‘युद्ध चालू आहे. रात्री फॅक्टरी बंद नसते, उलट पाळ्या वाढतात. दुसऱ्या पाळीला माझे पप्पा आत असतात. हे शून्य कुठून आलं?’’

सैन्यभरतीच्या परीक्षेची तयारी करणारा एक हुशार मुलगा म्हणाला, ‘‘जो गोळी बनवतो तो सैनिकच झाला ना? ती गोळी आमच्या माणसाला लागणार.’’ तो शत्रूच्या भूमिकेतून बोलत होता आणि त्यात वाईट हेतू नव्हता. वर्गातल्या निम्म्यांना ते पटलंही.

कायद्याचं उत्तर इथंपर्यंत पक्कं आहे, ते मी दिलं. फॅक्टरीतला कामगार नागरिक आहे. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २००९मध्ये यावर मार्गदर्शन काढलं: माणूस लढाईत प्रत्यक्ष भाग घेतो असं म्हणायला त्याच्या कृतीतून होणारं नुकसान एकाच टप्प्यात घडायला हवं. काडतुसं ट्रकमध्ये घालून थेट आघाडीवर पोचवणारा ड्रायव्हर त्यात येऊ शकतो. काडतूस बनवणारा येत नाही. त्याच्या आणि त्या जखमेच्या मध्ये फार टप्पे आहेत. तेव्हा तिच्या वडिलांना घरी, बाजारात, सायकलवर, कुठंच लक्ष्य करता येत नाही.

‘‘बाहेर आले की नागरिक,’’ ती म्हणाली. ‘‘आणि आत?’’

आतही नागरिकच. पण मोजायचे का? मी खरं ते सांगितलं: जाणकारांत यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, नागरिक म्हटला की तो प्रमाणाच्या हिशेबात, म्हणजे लष्करी फायद्याच्या मानानं नागरिकांचं नुकसान अतिरेकी आहे का या हिशेबात, आलाच, मग तो कुठंही उभा असो. दुसरा म्हणतो, लष्करी लक्ष्याच्या आत काम करणाऱ्यानं तो धोका पत्करलेला असतो, त्याला त्या हिशेबात धरायची सक्ती नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची २०१५ची युद्धकायद्याची पुस्तिका या दुसऱ्या बाजूकडे झुकली होती. त्यावर टीका झाली आणि २०१६च्या शेवटी तो भाग बदलला.

तिनं हे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, ‘‘मॅडम, तुमचं काय मत?’’

वर्गात मी सहसा स्वतःचं मत मागे ठेवते. या वेळी ठेवलं नाही, कारण मला त्यात शंका नाही. मोजायचे. धोका पत्करला म्हणणाऱ्यांना मी विचारते, कोणी पत्करला? नोकरी लागली तेव्हा देशात शांतता होती. घर त्या पगारावर चालतं. युद्ध सुरू झालं म्हणून राजीनामा द्यायची सोय त्याला कुठं असते? आणि पत्करला असं मानलं, तरी नागरिकाचं संरक्षण ही काही त्यानं एकट्यानं सोडून द्यायची चीज नाही; जिनिव्हा करारांत स्पष्ट आहे की संरक्षित माणसाला आपले हक्क सोडता येत नाहीत. ती तरतूद युद्धकैदी आणि ताब्यातल्या नागरिकांसाठी आहे, हवाई हल्ल्याच्या हिशेबासाठी नाही, हे मला माहीत आहे. तरी तिच्यातला विचार इथं लागू करावा असं मी म्हणते. मोजणं म्हणजे हल्ल्याला बंदी नव्हे. मोजल्यावरही फायदा इतका मोठा ठरू शकतो की हल्ला कायदेशीरच राहील. पण शून्य लिहिलं की पुढची काळजी घ्यायचं कारणच संपतं. मी या शून्याच्या विरोधात आहे.

दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण मी नेहमी देते. ६ डिसेंबर १९४२ला ब्रिटिश हवाई दलानं नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला फिलिप्सच्या कारखान्यावर हल्ला केला. तिथं जर्मनांसाठी रेडिओच्या व्हॉल्व्ह व्हायच्या. दिवस मुद्दाम रविवारचा निवडला, कामगार घरी असावेत म्हणून. तेव्हा पहिला प्रोटोकॉल लिहायला आणखी पस्तीस वर्षं होती. तरी कोणीतरी आतल्या माणसांचा विचार केला. आणि तरीही सुमारे दीडशे डच नागरिक मेले, कारण बॉम्ब आजूबाजूच्या घरांवर पडले. कामगार कारखान्यात नव्हते, घरी होते, आणि घरं कारखान्याला लागून होती.

वर्गात एकदम गलका झाला. कारण वरणगावची क्वार्टर्ससुद्धा फॅक्टरीला लागूनच. भोंगा वाजला की चालत गेटवर पोचावं, म्हणून देशभर अशाच वसाहती झाल्या. कलम ५८ सांगतं की लष्करी लक्ष्यं दाट वस्तीजवळ शक्यतो ठेवू नयेत. ही बचाव करणाऱ्यावरची जबाबदारी आहे, म्हणजे आपल्यावरची. सगळं कर्तव्य शत्रूचंच, असं समजून आपण मोकळे होतो. नियोजन करणाऱ्यांपैकी कोणी हे कलम कधी उघडतं का, मला शंका आहे. निदान आत निवारा आहे का, भोंगा वाजल्यावर दुसऱ्या पाळीनं कुठं जायचं हे त्यांना दर वर्षी दाखवलं जातं का, एवढं तरी प्रत्येक अशा वसाहतीनं विचारावं.

इतका वेळ सुभेदारसाहेब गप्प होते. ते उठले आणि मुलीला म्हणाले, ‘‘खरं शे तुन्हं, पोरी.’’ मग भरतीवाल्या मुलाकडे वळले. ‘‘तुला काय पाडायचं आहे? माणसं की मशिनं?’’

‘‘उत्पादन,’’ मुलगा म्हणाला.

‘‘मग एक तास आधी इशारा दे. लेथ आणि प्रेस एका तासात हलत नाहीत. माणसं हलतात.’’

मी खुर्चीतून उठलेच. कलम ५७मध्ये आहे हे: नागरिकांना झळ पोचणार असेल तर परिस्थिती आड येत नसेल तेव्हा परिणामकारक पूर्वसूचना द्यायची. मुलं तो इशारा नेहमी क्वार्टर्ससाठी लिहितात. कारखान्यासाठी कोणी लिहीत नाही. आणि त्यांनी जे सांगितलं त्यात लष्करी फायदा रतीभरही कमी होत नव्हता. आवश्यकता आणि माणुसकी इथं एकमेकींच्या वाटेतच येत नव्हत्या, फक्त कोणी बारकाईनं पाहिलं नव्हतं.

मुलगा हटला नाही, आणि ते मला आवडलं. ‘‘साहेब, तासाभरात विमानभेदी तोफा सज्ज होतील. तयार माल ट्रकमध्ये भरून नेतील. माझा वैमानिक मरेल.’’

‘‘नेतील,’’ सुभेदारसाहेब म्हणाले. ‘‘वैमानिकाचा धोका खरा आहे. तो मी हसण्यावारी नेणार नाही. मग तास नको, वीस मिनिटं दे. काय द्यायचं ते तू ठरव, पण ठरवलंस ते लिही. लपवू नको.’’

मुलगा मग कार्डावर बराच वेळ काहीतरी लिहीत बसला. इशाऱ्याऐवजी त्यानं पाळी बदलण्याची वेळ धरली, जेव्हा जुनी पाळी बाहेर पडते आणि नवी अजून आत पूर्ण गेलेली नसते. मुलीनं ते वाचलं आणि सांगितलं की त्या वेळेला गेटवर दोन्ही पाळ्या एकत्र असतात, सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच. आतल्याला हे माहीत, नकाशावरच्याला नाही. मुलानं खोडलं.

शेवटी निर्णय असा झाला: साठ्याची आणि दारू भरण्याची इमारत, छोटा इशारा, क्वार्टर्सच्या उलट बाजूनं, आणि आतल्या माणसांचा आकडा लिहून. हल्ला कायदेशीर, असं मुलीनंही लिहिलं. तिला कोणी भाग पाडलं नाही. ‘‘फॅक्टरी लक्ष्य आहे, हे खोटं कसं लिहू?’’ म्हणाली. सही करताना तिचा हात थांबला, पण तिनं केली.

मग त्या मुलानं मला एक प्रश्न विचारला, तो अजून माझ्या मागे आहे. ‘‘मॅडम, आता शून्य नाही, मान्य. पण मग किती झाले की ‘जास्त’ म्हणायचं? साठ? तीनशे?’’

कायद्यात आकडा नाही. ५१व्या कलमात ‘अपेक्षित ठोस आणि थेट लष्करी फायद्याच्या मानानं अतिरेकी’ एवढंच आहे. त्याच ओलीस खटल्यातल्या रेंडुलिक या सेनापतीच्या निकालात न्यायालयानं सांगितलं की सेनापतीला त्या वेळी जे दिसत होतं त्यावरून त्याचा निवाडा करायचा, मागाहून कळलेल्यावरून नाही. हे बरोबरच आहे, युद्धाच्या धुरळ्यात निर्णय घेणाऱ्याला नंतरच्या उजेडात फाशी देता येत नाही. पण याची दुसरी बाजू अशी की ज्यानं आधी बघायचेच कष्ट घेतले नाहीत, त्याला तेव्हा काही दिसतच नसतं. म्हणून मी मुलाला म्हटलं, आकडा मी देऊ शकत नाही, कोणी प्रामाणिक माणूस देऊ शकणार नाही; पण तू जो लिहिशील त्याच्या शेजारी तो कुठून मिळवला ते लिही. त्याला हे उत्तर अपुरं वाटलं. मलाही वाटतं. काडतुसांच्या एका इमारतीच्या बदल्यात किती कामगार, याचं माप कुठल्याच तराजूवर नाही, आणि तरीही कोणीतरी सही करतंच.

दोन दिवसांनी ती मुलगी कार्ड परत मागायला आली. तिला आतल्या माणसांचा रकाना सुधारायचा होता. घरी वडिलांना तिनं विचारलं होतं, दुसऱ्या पाळीला साधारण किती असतात. नेमका आकडा सांगायला ते तयार झाले नाहीत, आणि ते योग्यच. पण म्हणाले, हजेरीवर धरशील तर चुकशील. कॅन्टीनच्या बायका हजेरीवर नसतात. साफसफाईचे ठेकेदाराचे लोक नसतात. शिकाऊ पोरं वेगळ्या रजिस्टरला. माल उतरवायला आलेले ट्रकवाले तर कुठंच नसतात, आणि ते रात्र रात्र आवारात झोपतात.

तिनं रकान्यात या चारही गोष्टी लिहिल्या, प्रत्येकीपुढे कल्पित आकडा टाकला आणि खाली पुन्हा सही केली. नव्या बेरजेवरही तिचा निर्णय ‘कायदेशीर’ असाच राहिला, फक्त वीस मिनिटांचा इशारा तिनं चाळीसचा केला. भरतीवाला मुलगा म्हणतो, चाळीस मिनिटांत वैमानिक गेलाच. दोघं या मुद्द्यावर समोरासमोर मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यात, उभे राहणार आहेत, आणि सुभेदारसाहेबांनी न्यायाधीश म्हणून यायचं कबूल केलं आहे. मी छापायला दिलेल्या नव्या कार्डात एक रकाना वाढवला आहे: गेटच्या आत कोण, आणि ते कशावरून.